चार्जर लावून गाडी स्टार्ट करायच्या आधी

अरे बॅटरी उतरलीय म्हणून चार्जर लावतोयस ना, तर पहिलं चार्जरवर काय लिहिलंय ते बघ, साधा ५-६ अँपिअरचा असेल तर त्याच्यावर स्टार्टर, म्हणजे सेल्फ, फिरणारच नाही, तो रात्रभर लावून बॅटरी भरायला आहे. लगेच स्टार्ट करायची तर त्यावर इंजिन स्टार्टचा मोड हवा, आणि बॅटरी १२ व्होल्टची तर चार्जरपण १२ वरच ठेव. गाडीच्या मॅन्युअलमध्ये एकदा बघून घे, काही गाड्यांना हे चालत नाही.

आता जोडणी, इथे घाई अजिबात नको. चार्जरचा प्लग बाहेर, गाडीची चावी बंद. लाल चिमटा प्लसवर, काळा मात्र बॅटरीच्या मायनसवर नाही, लांब इंजिनच्या उघड्या लोखंडावर लाव, रंग नसलेल्या बोल्टवर घट्ट बसतो. कारण बॅटरीतून हायड्रोजन सुटतो आणि चिमटा लावताना ठिणगी उडू शकते, ती बॅटरीजवळ नको. मगच स्विच ऑन. आधी दहा-पंधरा मिनिटं साधं चार्जिंग होऊ दे, मग स्टार्ट मोड, सेल्फ ४-५ सेकंदच मार, नाही झाली तर दोन-तीन मिनिटं थांब. काढताना आधी स्विच बंद, प्लग काढ, मग काळा, मग लाल.

आणि पावसाळ्यात आपल्या मुंबईतल्या बेसमेंट पार्किंगमध्ये पाणी साचलेलं असताना वरून एक्स्टेंशन ओढून हे करूच नकोस रे, मेकॅनिक बोलाव. बॅटरी फुगलेली किंवा गळत असेल तर चार्जर लावायचाच नाही, सरळ बदल.