ड्राफ्टमध्ये नाव नाही, तरी हॉल ऑफ फेममध्ये कसा?

प्रश्न : बेन वॉलेस अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये मॅचमागे सहा पॉइंटसुद्धा करत नव्हता, कॉलेजही कधी नाव न ऐकलेलं, मग तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलच्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, गेला कसा? – एक वाचक, सांगली

उत्तर : नुसते पॉइंट बघाल तर हाताला काहीच लागणार नाही, सरासरी 5.7, आणि फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) तर शंभरातले जेमतेम 41 जायचे. पण तो समोरच्याला बास्केट करूच द्यायचा नाही हो! 2001-02 च्या सीझनला रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) आणि ब्लॉक (समोरच्याचा शॉट हवेतच अडवणं) दोन्हींत तो लीगमध्ये पहिला होता, आणि बेस्ट डिफेंडरचा अवॉर्ड त्याने चारदा नेला.

अलाबामातल्या व्हाइट हॉल गावचा हा पोरगा, अकरा भावंडांत दहावा. शाळेत असताना लोकांचे केस कापायचा, एका कटिंगचे 3 डॉलर, असे 50 डॉलर साठवून त्याने चार्ल्स ओकलीच्या कॅम्पची फी भरली. ओकली म्हणजे तेव्हाचा निक्सचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या एनबीए टीमचा, दांडगा गडी, त्याने याला वन-ऑन-वन घेतलं, पार ओठ फुटला तरी पोरगं मागे हटेना, ते ओकलीच्या डोक्यात बसलं. मग क्लीव्हलंडला कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढल्यावर ओकलीनेच आपल्या जुन्या कॉलेजात, रिचमंडच्या व्हर्जिनिया युनियनमध्ये, त्याच्यासाठी शब्द टाकला. हे डिव्हिजन टूचं, म्हणजे खेळात दुसऱ्या फळीचं कॉलेज, मोठ्या कॉलेजांसारखा टीव्हीचा झगमगाट तिथे नाही.

1996 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएच्या टीम नवे प्लेअर पाळीपाळीने निवडतात त्यात, 58 जण निवडले, त्यात हा नाही. उंचीचीच अडचण, कागदावर 6 फूट 9 इंच पण खरी त्याहून कमी, आणि बास्केटजवळ खेळणाऱ्या सेंटरला ती कमीच पडते. वॉशिंग्टनने तसंच घेतलं, मग ऑर्लँडो, आणि 2000 मध्ये ग्रँट हिलच्या बदल्यात डेट्रॉइट. हिल म्हणजे तिथला स्टार, तो गेला म्हणून सगळी हळहळ, बदल्यात कोण आलं याचं कुणाला काय पडलेलं! त्याच डेट्रॉइटने 2004 च्या एनबीए फायनल सिरीजला शॅकील ओनील आणि कोबी ब्रायंट या स्टार्सच्या लेकर्स टीमला 4-1 ने हरवलं, शेवटच्या मॅचला वॉलेसचे 18 पॉइंट, 22 रिबाउंड. 2021 मध्ये हॉल ऑफ फेमला गेला, ड्राफ्ट न झालेला आधुनिक काळातला पहिलाच प्लेअर.

ती शेवटची मॅच कुठे बघायला मिळाली तर बॉलकडे बघू नका, शॉट सुटला की वॉलेस कुणाला अंगाने अडवून कुठे उभा राहतो तेवढंच बघा.