वाचकांचे प्रश्न : पहिला व्हिडिओ गेम कोणता, केव्हा आणि कोणाबरोबर?

प्रश्न : आमचा मुलगा सव्वापाच वर्षांचा असून सिनियर केजीत शिकतो. गाणी आणि गोष्टी दाखवण्यापलीकडे आम्ही त्याला आतापर्यंत मोबाइल दिलेला नाही. माझ्या पतींनी लहानपणी टीव्हीला जोडून, कॅसेट घालून खेळायचे व्हिडिओ गेम भरपूर खेळले आहेत आणि आता मुलाला शेजारी घेऊन ते पुन्हा खेळावेत, अशी त्यांची फार इच्छा आहे. मला मात्र भीती वाटते. माझ्या जावेचा अकरा वर्षांचा मुलगा सुटीत आमच्याकडे आला की जेवणाच्या ताटावरही गोळीबाराचा गेम खेळत असतो, आणि आमचा मुलगा त्याच्या खांद्यावरून तासन्‌तास पाहत राहतो. मुलाला व्हिडिओ गेमची ओळख करून द्यावी की नाही, द्यायची तर कोणत्या वयात, कोणता गेम आणि किती वेळ, याविषयी मार्गदर्शन करावे.
— एक आई, नाशिक

उत्तर : आपल्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा तपशील आपण जाता जाता लिहून गेला आहात. मुलगा चुलत भावाच्या खांद्यावरून पाहत राहतो, म्हणजे व्हिडिओ गेमशी त्याची ओळख झालेलीच आहे. फक्त ती आपण करून दिलेली नाही. त्यामुळे ओळख करून द्यायची की नाही, हा प्रश्न मागे पडला असून ती कोणी करून द्यायची, एवढेच ठरवायचे उरले आहे, आणि त्यासाठी घरातच एक उत्साही उमेदवार असताना आपण त्यांना अडवू नये, असे मला वाटते. मात्र एक अट जरूर घालावी. मुलगा सात-आठ वर्षांचा होईपर्यंत जो काही गेम खेळेल तो बाबांच्या किंवा आपल्या शेजारी बसून खेळेल, एकट्याने नाही.

वेळेबाबत बालरोगतज्ज्ञांचे म्हणणे स्पष्ट आहे. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना स्क्रीन दाखवूच नये, दोन ते पाच या वयात ती दिवसाला जास्तीत जास्त 1 तास असावी आणि पाच ते दहा या वयात 2 तासांपेक्षा कमी असावी. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी जवळपास हेच सांगितले होते. या वेळेत टीव्हीवरची कार्टून, यूट्यूबवरची गाणी आणि आजीच्या मांडीवर बसून पाहिलेली मालिका असे सगळेच धरायचे असते. शिवाय ही कमाल मर्यादा आहे, रेशनकार्डावरचा कोटा नव्हे, की महिनाअखेरीच्या आत उचललाच पाहिजे. आपल्या मुलासाठी मी शनिवारी आणि रविवारी वीस-वीस मिनिटांपासून सुरुवात करीन.

पहिल्या दिवशी काय घडते, ते मी माझ्या भाचीच्या घरी अगदी जवळून पाहिले आहे. तिच्या नवऱ्याने 1985 चा जुना मारिओ हा गेम लावला आणि पाच वर्षांच्या मुलाच्या हातात कंट्रोलर दिला. सुरुवातीलाच समोरून मशरूमच्या डोक्याचा एक तपकिरी प्राणी डुलत डुलत येतो आणि त्याच्यावर उडी मारायची असते. मुलाने बटण दाबण्याऐवजी अख्खा कंट्रोलरच डोक्याच्या वर उचलला, कारण उडी म्हणजे वर जाणे हे त्याला ठाऊक होते. बटण म्हणजे उडी, हे अजून ठाऊक व्हायचे होते. मारिओ तीनदा मेला. चौथ्यांदा मेला तेव्हा मुलाने टीव्हीकडे न पाहता बाबांच्या तोंडाकडे पाहिले, आणि बाबा हसून म्हणाले, ‘‘अरे, मी तर याच्याकडून शंभरदा मार खाल्लाय.’’ मग मुलगाही हसला आणि पुन्हा सरसावून बसला. हरल्यावर चेहरा कसा ठेवायचा, हे तो त्या घटकेला बाबांकडून शिकला. एकट्याने मोबाइलवर खेळणाऱ्या मुलाला अशा वेळी समोर एखादी जाहिरात दिसते, नाहीतर ‘पुन्हा खेळा’ असे चमकणारे बटण.

आपल्या पतींना एक प्रेमाची सूचना द्यावीशी वाटते. आपल्या बालपणीचे गेम मुलालाही तितकेच आवडतील, असे गृहीत धरू नये. ते गेम कमालीचे कठीण होते. काँट्रा नावाच्या गेममध्ये एका गोळीत जीव जात असे, आणि तीस जीव मिळवून देणारी बटणांची युक्ती पाठ असल्याशिवाय त्या पिढीतले फार थोडे जण शेवटपर्यंत पोहोचले असतील. (तोही गोळीबाराचाच गेम होता, हे जावेच्या मुलाला बोलण्याआधी घरातल्या सर्वांनी आठवावे.) नव्या गेममध्ये लहान मुलांची सोय केलेली असते. ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स यू डिलक्स’मध्ये नॅबिट नावाचे पात्र घेतले, तर शत्रूचा धक्का लागूनही ते मरत नाही, आणि ‘मारिओ कार्ट 8 डिलक्स’मध्ये गाडी रस्त्याबाहेर जाऊ नये अशी सोय चालू करता येते, त्यामुळे पाच वर्षांचे मूल आणि चाळिशीचे बाबा एकाच शर्यतीत उतरू शकतात. पण हे गेम ज्यावर चालतात ती निन्टेंडो स्विचसारखी यंत्रे महाग असतात आणि ओळख करून देण्यासाठी त्यांची गरज नाही. घरातला टॅब किंवा टीव्हीला जोडलेला लॅपटॉप पुरेसा आहे. मोबाइल मात्र मी शेवटचा पर्याय मानतो, कारण तो एकट्याच्या हातात मावणारा आहे, आणि मूल तो घेऊन भिंतीकडे तोंड करून बसले की शेजारी बसलेल्या आपल्यासारख्यांना काही काम उरत नाही.

खरी गोम गेमच्या निवडीत आहे. सबवे सर्फर्स किंवा टेम्पल रन हे गेम दिसायला निरुपद्रवी आहेत, कारण त्यांत बंदूक नाही आणि रक्तही नाही. पण त्यांतले धावणे कधी पूर्ण होतच नाही. धावणारा आपटला किंवा पकडला गेला की डाव थांबतो, म्हणजे त्या गेममध्ये थांबण्याची जागा एकच असते आणि ती हरण्याची असते. आपण ‘‘हे शेवटचं हं’’ म्हणतो तेव्हा नकळत मुलाला हरून उठायला सांगत असतो, आणि हरून उठायला पाच वर्षांचे मूल काय, रमीच्या डावावर बसलेला मोठा माणूसही तयार नसतो. म्हणून पहिला गेम संपणारा निवडावा. 2014 मध्ये आलेला ‘मॉन्युमेंट व्हॅली’ हा मूळ गेम दहा प्रकरणांचा आहे. त्यात एका छोट्या राजकन्येला चमत्कारिक इमारतींतून वाट काढून द्यायची असते. भिंती आणि जिने बोटाने फिरवावे लागतात, घड्याळ लागलेले नसते आणि मरण्याचा प्रश्नच येत नाही. गोष्टीच्या पुस्तकासारखे एका बैठकीत एक प्रकरण उलगडावे आणि मिटून ठेवावे. हा गेम विकत घ्यावा लागतो, आणि ते चांगलेच आहे. ‘फुकट’ गेम आपली वसुली जाहिरातींतून आणि गेममधल्या खरेदीतून करतात, आणि या वयाच्या मुलाला गेम कुठे थांबला व जाहिरात कुठे सुरू झाली, हे उमगत नाही. तसा गेम द्यावाच लागला, तर इंटरनेट बंद करून द्यावा. बऱ्याच जाहिराती त्यानेच थांबतात.

खेळण्यापेक्षा मांडण्याची आवड असलेल्या मुलासाठी ‘स्क्रॅचज्युनियर’ पाहावे. एमआयटी आणि टफ्ट्स विद्यापीठातल्या मंडळींनी पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी तयार केलेले हे मोफत अॅप असून त्यात चित्रांचे तुकडे एकापुढे एक जोडून मांजराला चालायला, उडी मारायला लावता येते आणि त्यासाठी वाचता येण्याची गरज नसते. ठोकळे रचून आपले जग उभारण्याचा माइनक्राफ्ट हा गेम एक-दोन वर्षांनी चालेल, तेही फक्त ‘क्रिएटिव्ह’ म्हणजे नुसते रचत राहण्याच्या प्रकारात आणि इंटरनेटवरच्या इतर खेळाडूंशी न जोडता. ‘शैक्षणिक’ असा शिक्का मारलेल्या गेमबद्दल माझा अनुभव बरा नाही; बेरजेचे उत्तर बरोबर आले की फटाके उडवणारे गेम मुलांना बेरीज शिकवीत नाहीत, फटाक्यांची वाट पाहायला शिकवतात.

प्ले स्टोअरवर गेमच्या नावाखाली 3+, 7+, 12+ असे आकडे दिसतात, त्यांच्याविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. हे आकडे हिंसा, भीतिदायक दृश्ये, भाषा असा मजकूर पाहून दिलेले असतात. गेम मुलाला जमेल का, किंवा तो मुलाला वेळेवर सोडेल का, याच्याशी त्यांचा संबंध नसतो. तसेच सरकारी बंदीचे. 2 सप्टेंबर 2020 रोजी पबजीसह 118 अॅपवर बंदी आली ती देशाच्या सुरक्षिततेच्या कारणावरून, मुलांच्या काळजीपोटी नव्हे, त्यामुळे एखादा गेम आज देशात उघडपणे चालतो याचा अर्थ तो मुलासाठी योग्य आहे, असा होत नाही. जावेच्या मुलाला उपदेश करण्यापेक्षा पुढच्या सुटीत त्याला टीव्हीसमोर बसवून धाकट्याला एखादा गेम शिकवण्याचे काम द्यावे. अकरा वर्षांच्या मुलाला ‘दादा’ म्हणून मिळालेला मान त्या गोळीबारापेक्षा कमी वाटत नाही, असे मी पाहिले आहे.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलीने माझ्या फोनवरच्या गेममध्ये ‘हिरे’ घेतले आणि खात्यातून 1,800 रुपये गेले. ती म्हणते, तिने पैसे खर्चच केले नाहीत. तिला शिक्षा करावी का?
— एक वडील, ठाणे

उत्तर : ती खोटे बोलत नाही. खेळून मिळालेली नाणी आणि पैसे देऊन मिळालेले हिरे गेममध्ये एकाच पेटीतून, त्याच आवाजासह बाहेर पडतात. मधे रुपयांचा आकडा क्षणभर दिसतो आणि सात वर्षांच्या मुलीला तो वाचून थांबावेसे वाटावे, अशी त्याची मांडणीच नसते. शिक्षा करू नये. खरेदी प्ले स्टोअरवरून झाली असेल तर परताव्यासाठी ताबडतोब, शक्यतो 48 तासांच्या आत, अर्ज करावा. त्यानंतर सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीपूर्वी पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागितला जाईल असे करावे, साठवलेले कार्ड काढून टाकावे आणि मुलांच्या मोबाइल-वापरावर पालकांना लक्ष ठेवता येणाऱ्या गूगलच्या ‘फॅमिली लिंक’ या अॅपमधून तिच्यासाठी वेगळे खाते उघडावे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली असली, तरी गेममधले हिरे-माणके विकत घेण्याचा हा व्यवहार त्या बंदीत येत नाही, तेव्हा दार आपल्यालाच लावावे लागेल.

प्रश्न : माझा नातू सात वर्षांचा आहे. संध्याकाळी त्याच्या हातातून मोबाइलवरचा गेम काढून घेतला की तो आदळआपट करून रडतो. त्या वेळी घरात मी बातम्या पाहत असतो, सूनबाई स्वयंपाकात असते. हे व्यसन समजावे काय?
— एक आजोबा, कऱ्हाड

उत्तर : तेवढ्यावरून समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराला स्थान मिळाले असून ते वर्गीकरण जानेवारी 2022 पासून लागू आहे. परंतु त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा गेमला अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे ही लक्षणे साधारणपणे निदान 12 महिने दिसावी लागतात, आणि शाळा, घर, मैत्री यांत ठळक हानी झालेली असावी लागते. रोजच्या रडण्याचे कारण बहुतेक वेळा अधिक साधे असते. डाव अर्धा असताना हातातून खेचून घेतला, तर सोंगट्या उधळलेल्या मुलालाही रडू येते.

‘‘पाच मिनिटं राहिली’’ असे दुसऱ्या खोलीतून ओरडण्याचा उपयोग होत नाही, कारण सात वर्षांच्या मुलाला पाच मिनिटे किती असतात याचा अंदाज नसतो. आपण उठून त्याच्याजवळ जाऊन बसावे, ‘‘कुठवर आलास?’’ असे विचारावे, तो दाखवील ते मनापासून पाहावे आणि ‘‘हा टप्पा झाला की बंद’’ असे सांगावे. बंद करण्याचे बटण त्यानेच दाबावे. लगेच त्याला घेऊन बाहेर पडावे, मग ते दूध आणायला असो की कोपऱ्यावर कोथिंबीर घ्यायला. जेवण संपवण्यासाठी मात्र मोबाइलचे आमिष दाखवू नये.

आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथल्या गावकऱ्यांनी 2022 मध्ये ठरवले की रोज संध्याकाळी 7 वाजता भोंगा वाजला की टीव्ही आणि मोबाइल बंद करायचे आणि 8.30 ला दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यास, वाचन करायचे. हा नियम तिथे केवळ मुलांपुरता ठेवलेला नाही. मोठ्यांचे टीव्ही आणि मोबाइलही त्या वेळात बंद असतात. आपल्या घरी भोंग्याची गरज नाही, भिंतीवरचे घड्याळ चालेल. फक्त त्या दीड तासात आपल्या बातम्याही बंद ठेवाव्या लागतील.