पहिली स्पोर्ट्स बाईक, तीही जुनी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी मूळचा कराडचा असून पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. आजवर फक्त वडिलांची स्प्लेंडर चालवली आहे. दीड लाखाच्या आत जुनी स्पोर्ट्स बाईक घ्यायची आहे. एका दलालाकडे २०१६ची केटीएम आरसी ३९० आणि २०१९ची यामाहा आर-१५ व्ही-थ्री या दोन गाड्या जवळपास सारख्याच किमतीला आहेत. मित्र म्हणतात, त्याच पैशांत दुपटीहून मोठे इंजिन मिळत असताना दीडशेची गाडी कशाला घेतोस? आपला सल्ला हवा आहे.
– एक वाचक, कराड

उत्तर : आर-१५ घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे, मात्र दलालाकडे उभी आहे तीच घ्यावी, असे गाडी न पाहता मी म्हणणार नाही.

स्प्लेंडरचे इंजिन सुमारे ८ अश्वशक्तीचे असते, आर-१५ व्ही-थ्रीचे १९च्या आसपास आणि आरसी ३९०चे सुमारे ४३. म्हणजे आरसीवर बसलात तर आपण सवयीच्या पाचपट ताकदीवर एकदम जाणार. मोकळ्या रस्त्यावर हा फरक सुखाचा वाटतो, पण आपला रस्ता नेहमी मोकळा नसतो. गळीत हंगामात कराडच्या आसपासच्या रस्त्यांवर उसाचे पाचट आणि ट्रॉलीच्या टायरांतून गळलेला चिखल पडलेला असतो, हे आपल्याला मी सांगायला नको. अशा ठिकाणी मनगट जरा जास्त पिळले गेले तर १९ अश्वशक्तीची गाडी फार तर डुलते, ४३ अश्वशक्तीची गाडी मागच्या मागे निसटू शकते.

दुसरी गोष्ट गिअरची आहे आणि ती मित्रमंडळींच्या चर्चेत सहसा येत नाही. स्प्लेंडरचे चारही गिअर पायाने दाबून पुढे टाकायचे असतात. या दोन्ही स्पोर्ट्स बाईकना सहा गिअर आहेत, पहिला खाली दाबून पडतो आणि पुढचे पाच पायाचा पंजा लिव्हरखाली घालून वर उचलावे लागतात. वर्षानुवर्षांची सवय पायात मुरलेली असते, त्यामुळे ओव्हरटेकच्या घाईत पाय आपसूक खाली जातो, वरचा गिअर पडायच्या जागी खालचा पडतो, इंजिन किंचाळते आणि मागचे चाक क्षणभर घसटते. व्ही-थ्रीमध्ये असलेला स्लिपर क्लच हा धक्का बराचसा पचवतो. सुरुवातीचे काही आठवडे पहाटे रिकाम्या रस्त्यावर नुसते गिअर बदलण्याचा सराव केलात तर या सवयीतून लवकर सुटाल. खंबाटकी घाट त्यानंतर.

आता ‘२०१९ची’ या शब्दाकडे जरा संशयाने पाहा. सव्वाशे सीसीवरील दुचाकींना एबीएस (चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) सक्तीचे झाले ते नव्या मॉडेलांसाठी १ एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून विक्रीत असलेल्या मॉडेलांसाठी १ एप्रिल २०१९ पासून. व्ही-थ्री भारतात २०१८ साली आली ती एबीएसविना. एबीएस असलेली आवृत्ती २०१९च्या सुरुवातीला आली. त्यामुळे २०१९चे पासिंग असलेली गाडी प्रत्यक्षात २०१८ साली तयार झालेली आणि एबीएस नसलेली असू शकते. गाडीच्या नोंदणी पुस्तकावर (आरसी बुक) उत्पादनाचा महिना आणि वर्ष असते, ते वाचावे. नोंदणीच्या तारखेवर विसंबू नये. मग पुढच्या डिस्कजवळ वाकून पाहावे. एबीएस असेल तर डिस्कच्या आतल्या बाजूला खाचांची एक बारीक कडी आणि तिच्याजवळ वायर असलेला सेन्सर दिसतो. चावी फिरवल्यावर मीटरमध्ये एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी चालल्यावर विझला पाहिजे. विझत नसेल तर बिघाड आहे. मुळात लागतच नसेल तर बिघाड लपवण्यासाठी तो बंद केला असण्याची शक्यता धरावी. ड्रम ब्रेकवरून थेट जोरदार डिस्कवर येणाऱ्या चालकाला, घाबरून पुढचा ब्रेक आवळला तरी चाक जाम होऊ न देणारी ही यंत्रणा असायलाच हवी. आरसी ३९०ला ती आहे, त्यामुळे दलालाची आर-१५ जर बिनएबीएसची निघाली तर ती सोडून द्यावी आणि दुसरी आर-१५ शोधावी. त्या कारणाने आरसीकडे वळू नये.

गाडी पाहायला सकाळी जावे आणि इंजिन गार असतानाच सुरू करू द्यावे, असे आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवावे. पोचल्यावर आधी इंजिनाच्या बाजूला हात लावून पाहावा. गरम लागले तर दलालाने आधीच सुरू करून ठेवली आहे. समोर चहा प्यावा, तासाभराने पुन्हा यावे. गार इंजिन सेल्फवर सहज सुरू झाले पाहिजे आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येता कामा नये, कारण तो ऑइल जळत असल्याची खूण आहे.

स्पोर्ट्स बाईकचे खरे दुखणे फेअरिंगखाली, म्हणजे गाडीभोवतीच्या प्लास्टिकच्या आवरणाखाली दडलेले असते. पडलेली गाडी फेअरिंग बदलून, रंग मारून नव्यासारखी करता येते, म्हणून चकाकी बघून हुरळून जाऊ नये. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे आणि टाकीच्या पुढे, जिथे ते अडते त्या स्टॉपरवर मोबाईलचा टॉर्च मारावा. तिथला धातू चेपलेला किंवा रंग तडकलेला असेल तर गाडी समोरून आदळलेली आहे, आणि मालक कितीही गोड बोलला तरी तो व्यवहार तिथेच संपवावा. हँडलची टोके, ब्रेक लिव्हर आणि फूटरेस्ट घासलेली असतील तर गाडी उभ्याने पडली असेल. ते चालण्यासारखे आहे, फक्त किंमत त्याप्रमाणे उतरवून मागावी. पुढचे चाक उचलून धरायला एखादा मित्र सोबत न्यावा आणि हँडल हळू फिरवावे. मध्यावर ते अडकल्यासारखे वाटले तर कोनसेट (हँडलच्या दांड्याचे बेअरिंग) गेला आहे. शॉकअपवर ऑइलचा ओघळ नसावा. मागच्या स्प्रॉकेटवरची चेन बोटाने मागे ओढून पाहावी. दाते उघडे पडण्याइतकी ती सुटत असेल तर चेन-स्प्रॉकेटचा पूर्ण सेट बदलण्याचा खर्च धरावा. टायर गोटा झाला नसला तरी त्यावरचा चार आकडी शिक्का वाचावा. २३१९ असेल तर तो टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे आणि जाळी कितीही खोल दिसली तरी रबर कडक झालेले असणार.

मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावलेला असल्यास मूळ सायलेन्सर मागून घ्यावा, नाही तर पहिल्याच नाकाबंदीत दंड होईल.

दीड लाखातले किमान तीस हजार मी बाजूला ठेवले असते. चांगले हेल्मेट, हातमोजे, जॅकेट, नाव हस्तांतर, विमा आणि लागलेच तर टायर, एवढे त्यातून निघावे. पैसे देण्याआधी वाहन क्रमांक टाकून थकीत ई-चलन आणि बँकेचा बोजा तपासावा. कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकनदेखील देऊ नये. नाव हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर विक्रेत्याच्या सह्या समक्ष घ्याव्यात. ‘ट्रान्सफर आम्ही नंतर करून देऊ’ या दलालांच्या नेहमीच्या आश्वासनावर गाडी घरी आणू नये.

प्रश्न : माझी उंची पाच फूट दोन इंच आहे. मला जुनी स्पोर्ट्स बाईक घ्यायची आहे, पण पाय पुरणार नाहीत असे सगळे सांगतात. मागचा शॉक बदलून गाडी खाली करून घ्यावी का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : गाडी खाली करू नये. मागची बाजू उतरली की वळताना ती जड होते आणि साइड स्टँड लांब पडून गाडी उभी राहायला लागते, म्हणजे जरा धक्का लागला की पलीकडे कलंडते. सीटची उंची आर-१५ व्ही-थ्रीची ८१५ मिलिमीटर, सुझुकी जिक्सर एसएफ २५०ची ८०० आणि कावासाकी निन्जा ३००ची ७८५ आहे. या आकड्यांवरून निन्जा आपल्यासाठी सोयीची वाटेल, परंतु ती १७० किलोहून जड आहे आणि आर-१५ सुमारे १४० किलोची. दोन्ही टाचा टेकण्याची गरज नसते. एक पाय भक्कम टेकला तरी पुरते. दुकानात बसून पाहण्यापेक्षा किंचित चढावर गाडीवर बसून ती मागे ढकलून पाहावी आणि अरुंद गल्लीत वळवून पाहावी. या गाड्यांचे हँडल कमी वळते, त्यामुळे नवशिका बहुतेक वेळा वेगात नव्हे, तर यू-टर्न घेताना पडतो.

प्रश्न : बेळगावला केए २२ पासिंगची एक आरसी २०० स्वस्तात मिळते आहे. गडहिंग्लजला आणून वापरली तर चालेल का?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : कायद्याप्रमाणे दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची असेल तर तिला इथला नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी बेळगावच्या आरटीओचे फॉर्म २८ वरील ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि गाडीच्या वयानुसार महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. तिकडे भरलेल्या कराचा परतावा मूळ मालकाच्या नावे मागावा लागतो, म्हणून तो हिशेबात धरू नये. आपल्या आरटीओत कराचा आकडा आधी विचारून घ्यावा, त्यात दोन-तीन खेपांचा खर्च मिळवावा, आणि त्यानंतरही एमएच ०९ पासिंगच्या तशाच गाडीपेक्षा पंधरा-वीस हजार वाचत असतील तरच बेळगावला जावे.