जर्मन ‘रिझर्व्ह डिव्हिजन’ म्हणजे मागे राखून ठेवलेली दुय्यम फौज होती का? मग पहिल्या महायुद्धात २६व्या रिझर्व्ह डिव्हिजननं उत्तर फ्रान्समधलं तिएपवाल हे गाव दोन वर्षं कसं राखलं?

नाही. ‘रिझर्व्ह’ या शब्दामुळं बहुतेकांची फसगत होते. फौज आघाडीच्या मागं राखून ठेवली होती असा त्याचा अर्थ नाही. तिच्यातले शिपाई कोणत्या वर्गातले, एवढंच तो शब्द सांगतो. जर्मन पायदळात सक्तीची नोकरी २ वर्षांची होती. ती संपली की माणूस ५ वर्षं रिझर्व्हमध्ये आणि त्यानंतर लांडवेअर या जास्त वयाच्या माजी शिपायांच्या दलात. म्हणजे १९१४च्या ऑगस्टमध्ये बोलावलेला रिझर्व्हचा शिपाई बहुधा पंचविशीच्या आसपासचा, कवायत आणि बंदूक आधीच शिकलेला, पण आता शेतीत किंवा कारखान्यात रमलेला. फ्रेंच सेनापतींनीही हीच चूक केली. या डिव्हिजन पहिल्या फळीत उतरणार नाहीत असं ते धरून चालले, आणि बेल्जियममधून येणाऱ्या जर्मन फौजेचा आकडा त्यांना कमी वाटला.

उणीव होती ती तोफांची. नियमित डिव्हिजनकडे ७२ तोफा असत, रिझर्व्ह डिव्हिजनकडे ३६. पायदळ मात्र सारखंच: २ ब्रिगेड, ४ रेजिमेंट.

आता २६वी. ही व्युर्टेम्बर्ग राज्याची, सेनापती फ्रान्झ फॉन झोडेन. (२६वी इन्फंट्री डिव्हिजन वेगळी. तीही व्युर्टेम्बर्गचीच, म्हणून घोटाळा नेहमी होतो.) व्होज डोंगरातल्या लढायांनंतर सप्टेंबर १९१४च्या अखेरीस ती सॉम भागात आली आणि ॲन्क्र नदीच्या दोन्ही बाजूंनी खंदक खणून बसली. तिथंच तिचं यश आहे. त्याच माणसांनी तीच जमीन दोन हिवाळे खणली. कुठल्या वळणावर पाणी साचतं, कुठून शत्रूची वाट दिसते, हे त्यांना नकाशाशिवाय माहीत होतं.

तिथली माती खडूची. खणायला सोपी, आणि खोल गेल्यावर टिकाऊ. त्यामुळं डगआउट (जमिनीखालचे आसरे) ६ ते ९ मीटर खोल गेले, एकेकात सुमारे २५ माणसं, दोन डगआउटमध्ये साधारण ४५ मीटर अंतर. आतून जोडलेले आणि एकाहून अधिक तोंडांचे. दुसरं तोंड हवंच. एकच असेल आणि गोळ्यानं बुजलं, तर आतली माणसं जिवंत गाडली जातात.

२४ जून १९१६पासून ब्रिटिशांनी आठवडाभर १५ लाखांहून अधिक गोळे डागले. तरी डगआउट टिकले, कारण त्यांत जड स्फोटक गोळे थोडे आणि श्रापनेल (हवेत फुटून गोळ्या विखुरणारे गोळे) फार. श्रापनेल उघड्यावरच्या माणसाला मारतं, ९ मीटर खालच्या नाही. काटेरी तार तोडायची तर ते अगदी ठरावीक उंचीवर फुटावं लागतं. जरा वर किंवा जरा उशिरा फुटलं की तार तशीच. शिवाय न फुटलेल्या गोळ्यांचं प्रमाण मोठं होतं.

१ जुलैला बोमों-आमेल गावासमोर २६वीचीच ११९वी रिझर्व्ह रेजिमेंट होती. जर्मन खंदकाखाली ब्रिटिशांनी पेरलेला हॉथॉर्नचा सुरुंग ७:२०ला उडवला, हल्ला ७:३०ला. सुरुंग उडाला त्याच वेळी त्या भागातल्या ब्रिटिश जड तोफांनीही पुढच्या खंदकावरचा मारा उचलला. दहा मिनिटं! मशीनगन जिन्यावरून वर आणून मांडायला एवढी पुरेशी होती. ओव्हिलेर गावाशी २६वीच्याच १८०व्या रेजिमेंटनं ब्रिटिश ८व्या डिव्हिजनला अडवलं. त्या दिवशीचं नुकसान ब्रिटिशांकडे ५,१२१, जर्मनांकडे २८०. (ही १८०वी मुळात नियमित रेजिमेंट, म्हणजे ‘रिझर्व्ह’ डिव्हिजनही निव्वळ रिझर्व्हची नसे.)

पण सगळीकडे असं झालं नाही, आणि हा भाग लोक गाळतात. तिएपवालच्या उत्तरेला श्वाबेन नावाचा गड होता. तिथं तार चांगली तुटली होती, आणि ३६व्या अल्स्टर डिव्हिजनचे लोक ठरल्या वेळेआधीच जंगलातून निघून खंदकाच्या जवळ जाऊन पडले होते. मारा थांबताच ते आत घुसले. खोल डगआउटच इथं सापळा ठरला: शत्रू तोंडाशी पोचला की खालची माणसं कैदी किंवा मृत. हा गड हातचा गेला तर ॲन्क्रकाठच्या तोफा आणि खुद्द तिएपवाल दोन्ही उघडे पडणार, हे झोडेननं लगेच ओळखलं. त्यानं राखीव बव्हेरियन बटालियन पुढं काढल्या, आणि रात्री गड परत घेतला. निम्मं काम बाजूच्या मशीनगननी केलं होतं. तिएपवाल गाव पडलं नव्हतं, म्हणून अल्स्टरच्या लोकांना मागून कुमक पोचूच शकली नाही.

पुढं तिएपवाल पडलं याचं कारण त्याची बाजू उघडी पडली हे आहे. जवळचं पोझिएर गाव हातचं गेल्यावर तिएपवालवर पूर्वेकडूनही दबाव आला, आणि जर्मन बाजूनं प्रत्येक हरवलेला खंदक परत घ्यायचा हट्ट अनुभवी माणसं संपवत गेला. २६ सप्टेंबरला ब्रिटिश १८वी डिव्हिजन गावात शिरली. बचावाला तेव्हा हीच १८०वी रेजिमेंट होती. दुसऱ्या सकाळपर्यंत सगळं गाव गेलं.

स्वतः कागद पाहायचे असतील तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. जर्मन घड्याळ त्या उन्हाळ्यात ब्रिटिशांपेक्षा एक तास पुढं होतं, म्हणून ७:३०चा हल्ला जर्मन नोंदीत ८:३०ला दिसतो. आणि प्रशियाचं लष्करी दप्तर एप्रिल १९४५मध्ये पॉट्सडामवरच्या बॉम्बहल्ल्यात जळालं, पण व्युर्टेम्बर्गचं दप्तर श्टुटगार्टच्या राज्य अभिलेखागारात शाबूत आहे. म्हणून या डिव्हिजनचा एकेक दिवस आजही तपासता येतो.