लिफ्टमध्ये तूही होतीस

मावशी,
माझं आयुष्य अगदी सपाट आहे. ऑफिस, घर, पुन्हा ऑफिस. धाकट्या बहिणीचंही तेच, पण ती रोज कसली तरी गंमत घेऊन येते आणि सगळे तिच्याभोवती गोळा होतात. परवा तिने लिफ्ट बंद पडल्याचा किस्सा सांगितला, लोक पोट धरून हसले. (लिफ्टमध्ये मीही होते. ती ओरडत होती, मी घड्याळ बघत होते, सातच मिनिटं अडकलो होतो. ती वीस म्हणाली, मी तिथल्या तिथे चूक दाखवली.) विनोदबुद्धी वाढावी म्हणून रोज झोपताना मोबाईलवर विनोदी व्हिडिओ बघते, पण हसूच येत नाही. काय करू?
— सपाट

अगं बाई, पत्रातली एकमेव वाचण्यासारखी गोष्ट तू कंसात टाकलीस!

लिफ्टमध्ये तूही होतीस. म्हणजे ‘माझ्या आयुष्यात काही घडत नाही’ ही तक्रार तिथेच निकालात निघाली. दोघींना लिफ्ट एकच मिळाली. तिने त्यातून किस्सा काढला, तू पंचनामा केलास, आणि लोक हसत असताना तो वाचूनही दाखवलास. सात की वीस, याने कुणाचं काय बिघडणार होतं? बंद लिफ्टमध्ये सात मिनिटं वीस वाटतातच. तिने वाटलेली सांगितली, तू मोजलेली.

पण मोजलीस कशाला? घाबरली होतीस? कुठे उशीर होत होता? की बहिणीचा आरडाओरडा ऐकून लाज वाटली म्हणून कुठेतरी बघायचं, तर घड्याळात बघितलंस? यातलं एक अक्षर पत्रात नाही, आणि मला नेमकं तेच वाचायचं होतं. बहीण बढाया मारत असेलही. मला तिच्यात रस नाही.

आता ते रात्रीचे व्हिडिओ. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना हाताशी धरून, लोक आपापसांत बोलताना कशावर हसतात ते चोरून ऐकलं. (काय सुरेख नोकरी!) हसण्याचे सुमारे १,२०० प्रसंग टिपले. त्यांतल्या २० टक्क्यांच्या आतच हसण्याआधी विनोद म्हणावा असं काही बोललं गेलं होतं. बाकीचं हसू ‘बरं झालं भेटलो’, ‘चला, निघतो’ असल्या साध्या वाक्यांवरचं. आणि ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच जास्त हसत होता. तू मात्र अंधारात एकटी पडून अनोळखी माणसांचे तयार विनोद बघतेस. तिथे तुझं बोलणं ऐकायला कोण आहे?

एकच काम सांगते. लिफ्टची गोष्ट तू सांग. बहिणीसमोर नको, ती मध्येच हातातून काढून घेईल. ऑफिसात शेजारी बसणाऱ्या कुणाला तरी सांग. सुरुवात अशी कर: ‘लिफ्ट बंद पडली, बहीण ओरडायला लागली, आणि मी काय केलं? मिनिटं मोजली.’ मला ही बाई पत्रातून एवढीशी दिसली तरी आवडली.

समोरचा हसला नाही, तर नाही हसला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाला सांग, आणि काल जिथे त्याचं लक्ष उडालं ती दोन वाक्यं गाळ. बहिणीनेही तो किस्सा तुमच्यासमोर आणण्याआधी आणखी कुणावर तरी घासून घेतला असणार.

खोटं बोलवणार नाही, हे पत्रावरून कळतंच आहे. नको बोलूस. सातच मिनिटं सांग, हवं तर वर सेकंदही सांग. सेकंद सांगताना तुझा चेहरा जितका गंभीर राहील तितकं चांगलं.

हे याच आठवड्यात कर आणि कुणाला सांगितलंस ते मला लिही. तोवर व्हिडिओ बंद.

— मावशी