रानातला कॅमेरा, हातातला फोन: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पत्रे गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळीकडून येतात, गोंधळ मात्र तोच असतो. कॅमेरा घेतला, अ‍ॅप घेतले, आता पुढे काय? काही प्रश्न एका वाक्यात संपणारे आहेत, ते तसेच संपवले आहेत. एका प्रश्नावर मात्र जरा सविस्तर लिहिले आहे, कारण त्यात चूक झाली तर ती प्राण्याच्या जिवावर बेतते.

प्रश्न: सत्तरीत आमचे कुळागर (सुपारीची बाग) आहे. रात्री कसले तरी जनावर येऊन सुपारीच्या रोपांची नासधूस करते. कॅमेरा ट्रॅप (जनावर समोर आले की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) लावला तर चालेल का?

स्वतःच्या हद्दीत लावायचा असला तरी आधी तुमच्या भागातल्या परिक्षेत्र वन अधिकाऱ्याला भेटा. म्हादई अभयारण्याच्या 208 चौरस किलोमीटरांत गावेही आहेत आणि बागायतीही. आपली जमीन नेमकी कुठल्या बाजूला येते हे अनेकांना ठाऊक नसते. अभयारण्यात मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय कॅमेरा लावायचा नाही. आणि कुठेही लावलात तरी त्याचे तोंड पायवाटेकडे किंवा बायकांच्या पाणवठ्याकडे नको.

आता कामाचे सांगतो. हा कॅमेरा अंगाची ऊब आणि हालचाल, दोन्ही मिळून टिपतो. मे महिन्यात माझ्याकडे एका बागायतदाराने कार्ड आणून दिले होते. त्यात चार हजारांवर फोटो, आणि जवळजवळ सगळ्यांत केळीचे एकच पान. उन्हाने तापलेले पान वाऱ्यावर हलत होते आणि कॅमेरा दर वेळी जागा होत होता. खूप शोधल्यावर एका चौकटीच्या कोपऱ्यात साळिंदराचे चार-पाच काटे दिसले. खाली वेळ होती 1 जानेवारी, दुपारचे 2, आणि फोटोत मिट्ट काळोख. सेल बदलल्यावर घड्याळ लावायचे राहून गेले होते. एवढी मेहनत करून त्या साळिंदराची वेळ काही कळली नाही.

म्हणून समोरचे गवत आणि पाने आधी छाटा. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर बांधा, तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला ठेवा. प्रत्येक वेळी सेल घातले की तारीख-वेळ तपासा. पावसाळ्यात आत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि दर आठवड्याला मुंग्या झाल्यात का ते बघा. एप्रिल-मेच्या भर दुपारी हवाच प्राण्याच्या अंगाइतकी तापते, तेव्हा कॅमेऱ्याला काही दिसले नाही म्हणून तिथे काही नव्हते असे समजू नका.

प्रश्न: आमच्या वाड्यावर वाघ फिरत असल्याचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर आला आहे. खरा आहे का? (डिचोली)

व्हिडिओ पाठवलात, पण तो पहिल्यांदा कोणी काढला हे कोणालाच माहीत नाही. मग तो पुरावा कसला? मागे दिसणारी जमीन लाल नाही आणि रस्त्यावरच्या मैलाच्या दगडावरची लिपी आपली नाही. आता तर बसल्या जागी संगणकाकडून बिबट्याचे चित्र बनवून अंगणात ‘बसवता’ येते. दुसरे असे की आपल्याकडे बिबट्यालाही सर्रास वाघच म्हणतात आणि खऱ्या वाघाला पट्टेरी वाघ. एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात जाईपर्यंत बिबट्याचा पट्टेरी होतो. व्हिडिओ पुढे पाठवू नका. चिखलात ठसा दिसला तर त्याच्या बाजूला काडेपेटी ठेवून बरोबर वरून फोटो काढा आणि त्याच दिवशी वनरक्षकाला दाखवा.

प्रश्न: साप चावला तर फोटो काढून अ‍ॅपवर ओळख पटवून घ्यावी का?

नाही. 108 ला फोन करा आणि थेट रुग्णालयात जा, जवळच्या केंद्रातून पाठवले तर गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) जा.

अ‍ॅपने घोणशीला अजगर म्हटल्याचे मी स्वतः पाहिले आहे. डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात, साप समोर नसला तरी चालतो. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बेतलेले आहे. कुळागरात भेटणाऱ्या चापड्याचे विष त्यात धरलेले नाही. तिथे काय करायचे हे डॉक्टरच ठरवतील. फोनशी खेळण्यात गेलेली दहा मिनिटे परत मिळत नाहीत.

प्रश्न: खेतींनी (माकडांनी) नारळ ठेवला नाही. एका प्रदर्शनात ‘अल्ट्रासोनिक’ यंत्र पाहिले. विक्रेता म्हणतो खेती, गवे रेडे, साप, रानडुक्कर सगळे पळतात. घेऊ का? (सांगे)

घेऊ नका. सापाला ऐकू येते ते खालच्या पट्टीतले, काहीशे हर्ट्झपर्यंतचे. हे यंत्र ओरडते वीस हजारांच्या वर. सापाच्या दृष्टीने ते बंदच असते. खेतींना तो आवाज ऐकू येतो हे खरे, पण आवाजामागून काही होत नाही हे त्यांना थोड्याच दिवसांत कळते आणि मग त्या यंत्राशेजारी बसून शहाळे फोडतात. शिवाय हा आवाज हवेत लवकर विरतो आणि पानांनी अडतो. ‘एक एकर संरक्षण’ असे खोक्यावर छापले म्हणून ते होत नाही. विक्रेत्याला एकच विचारा: चाचणी कुठल्या बागेत, किती महिने केली? उत्तर मिळाले तर मलाही कळवा.

सौर कुंपण ही वेगळी गोष्ट आहे. त्यातला झटका क्षणभराचा, थांबून थांबून येणारा असतो. ते नीट बसवले आणि तारेखालचे गवत नियमित कापले तर उपयोग होतो. त्यासाठी कृषी खात्याच्या विभागीय कार्यालयात विचारा. घरातली वीज थेट तारेत सोडणे हा गुन्हा आहे, आणि त्यात गव्याआधी शेजारी मरतो.

प्रश्न: मी पक्ष्यांचे आणि प्राण्यांचे फोटो काढतो. जाणकार म्हणतात जागा सांगू नका. पण जागाच नसेल तर नोंदीचा उपयोग काय? आणि लपवायचे कोणापासून, आपल्याच लोकांपासून? (म्हापसा)

तुमचा पहिला मुद्दा बरोबर आहे. जागेशिवाय नोंद ही नोंदच नाही. पण जागा नोंदवणे वेगळे आणि ती जाहीर करणे वेगळे. हा फरक ध्यानात न घेतल्याने किती नुकसान होते ते मी दर हिवाळ्यात बघतो.

बेडूकमुखी पक्ष्याचेच घ्या. दिवसा तो सुकलेल्या पानासारखा फांदीला चिकटून बसतो, जोडीने, अंगाला अंग लावून. तीच फांदी कित्येक दिवस सोडत नाही. एकाने फोटो टाकला, खाली फक्त ओढ्याचे नाव लिहिले. पुढच्या रविवारी मी तिथे गेलो तेव्हा रस्त्याकडेला सात गाड्या होत्या. फांदीसमोरची करवंदीची जाळी कोयत्याने साफ केलेली, खालची माती तुडवून गुळगुळीत झालेली. कोणीतरी फोनवर त्याच्याच जातीचा आवाज लावला होता, तो डोळे उघडावा म्हणून. फांदी रिकामी होती. त्या मोसमात ती जोडी तिथे पुन्हा दिसली नाही. त्या सात गाड्यांतला एकही माणूस शिकारी नव्हता. सगळे पक्ष्यांवर प्रेम करणारेच होते.

आणि शिकारी नाहीतच असे कोण म्हणेल? खवले मांजर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तरी त्याच्या खवल्यांचा चोरटा व्यापार चालतोच. बिळाचा फोटो, मागे ओळखीचे मंदिर, एवढे त्यांना पुरते. गोवा अवघा 3702 चौरस किलोमीटरांचा. इथे ‘चोर्ला घाट, दुसरे वळण’ म्हणजे घरचा पत्ता सांगितल्यासारखेच आहे. मोठ्या राज्यात तालुक्याचे नाव सांगून भागते, आपल्याकडे तेही जपून सांगावे लागते.

फोन आपल्या नकळत काय सांगतो तेही समजून घ्या. फोटोच्या पोटात अक्षांश-रेखांश असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलात तर ते गळून जातात, पण ‘दर्जा कमी होऊ नये’ म्हणून डॉक्युमेंट करून पाठवलात तर जसेच्या तसे पोचतात. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर संकटग्रस्त म्हणून नोंदलेल्या जातींची जागा आपोआप अंधुक होते, नेमक्या बिंदूऐवजी साधारण 20 किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी दाखवली जाते. पक्षीनोंदींच्या ई-बर्डवरही संवेदनशील जातींच्या नोंदी झाकल्या जातात. पण त्याच सकाळी, त्याच वाटेवर तुम्ही टिपलेल्या फुलपाखराची आणि कोळ्याची जागा उघडीच राहते. दोन्ही नोंदींवर नाव तुमचे, तारीख तीच. कोणीही दोन आणि दोन चार करतो. अशा दिवशीच्या सगळ्याच नोंदींची जागा स्वतः झाका. घरटे, बीळ, गुहा, विसाव्याची फांदी, कासवाचा खोपा यांची जागा तर यादीत असो वा नसो, झाकाच.

मग सांगायची कोणाला? ज्याला त्या नोंदीवरून काम करायचे आहे त्याला. नेमकी जागा, तारीख आणि वेळ लिहून ती वन खात्याकडे द्या. तुमच्या भागात कोणी त्या जातीवर संशोधन करत असेल तर त्यालाही द्या. फोटो जगाला दाखवायचाच असेल तर महिना-दोन महिने थांबा आणि खाली फक्त ‘गोवा’ लिहा. कोणी खासगीत जागा विचारली तर नाही म्हणा. मित्र रागावेल, रागावू दे. आणि ‘आपलेच लोक’ म्हणालात म्हणून सांगतो, एकदा उघडी केलेली जागा परत झाकता येत नाही. फोटो तुम्ही काढून टाकाल, पण पाहणाऱ्यांच्या डोक्यातली जागा कशी काढणार?

शंका असेल तर टाकण्याआधी विचारा. टाकल्यावर विचारणारे खूप आहेत.

प्रश्न: गालजीबागच्या किनाऱ्यावर कासवे येतात तेव्हा ड्रोनने चित्रीकरण करता येईल का? (मडगाव)

परवानगीशिवाय नाही. ड्रोनचे नियम, जवळच्या विमानतळांचे आणि नौदलाचे निर्बंध, वन खात्याची परवानगी, हे सगळे आधी लागते. आणि रात्री पुळणीवर चढणारी मादी प्रकाशाने आणि हालचालीने बिचकून अंडी न घालताच परत फिरू शकते. वन खात्याची माणसे तिथे खोप्यांवर पहारा देतात, त्यांच्याबरोबर बसून बघा.

प्रश्न: मर्लिन अ‍ॅप आवाजावरून पक्षी ओळखते. त्यावर दिसलेली नावे यादीत लिहू का? (फोंडा, विद्यार्थिनी)

जो पक्षी तू स्वतः पाहिलास किंवा ज्याचा आवाज तुला स्वतःला ओळखता आला, तोच लिही. बोंडला अभयारण्यात मला अ‍ॅपने सलग तीन पक्षी सांगितले, त्यातला एक शिक्रा. वर पाहिले तर शेपटीला दोन लांब दोऱ्या आणि टोकाला पिसे लावलेला भीमराज एकटाच बसला होता आणि एकेकाची नक्कल करत होता. अ‍ॅपने सुचवावे, कानाने खात्री करावी. तू शिकते आहेस हे फार चांगले आहे. महिन्यातून एकदा तरी जाणत्या माणसाबरोबर जा, अ‍ॅप बंद ठेवून.

प्रश्न: गोव्यात वाघ नक्की किती?

2018 च्या गणनेत 3, 2022 च्या गणनेत 5. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, आणि डावी-उजवी बाजूही वेगळी, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावून हे मोजतात. आपले वाघ कर्नाटकातल्या काळी आणि भीमगडच्या रानातून येतात-जातात, त्यामुळे आकड्यावरून भांडू नये. रान सलग आहे का ते विचारावे.

प्रश्न: माझी गाय रानात मारली गेली. मोबाइलवर फोटो काढून ठेवले आहेत. भरपाईला तेवढे पुरेल का? पंधरा दिवस झाले. (धारबांदोडा)

पंधरा दिवस का थांबलात? फोटो फोनमध्ये ठेवून काही होत नाही. आजच परिक्षेत्र कार्यालयात जा आणि लेखी अर्ज द्या. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. फोटोतली तारीख आणि जागा पुसू नका, फोटो कापू नका, मूळ फाइल तशीच ठेवा. पुढच्या वेळी गाय जिथे पडली तिथेच राहू द्या, अंतरावरून फोटो काढा, मानेवरच्या दातांच्या खुणा येतील असाही एक काढा, आणि त्याच तासाला वनरक्षकाला आणि पशुवैद्यकाला बोलवा. नियमाप्रमाणे काय मिळेल ते तेच सांगतील.

ही गोष्ट मला हलकी वाटत नाही. जानेवारी 2020 मध्ये म्हादई अभयारण्यात गोळावलीजवळ एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेलेले सापडले. त्याआधी तिथे गुरे मारली गेली होती. जनावर गेल्याचे कळल्यापासून गोठ्यावर सरकारी माणूस पोचेपर्यंत जितके दिवस जातात, तितके दिवस धनी एकटा आपल्या रागाबरोबर बसलेला असतो. तुमचा अर्ज लगेच जायला हवा तसा खात्याचा माणूसही लगेच यायला हवा, आणि तो आला नाही तर वरच्या अधिकाऱ्याला लेखी कळवा. मलाही प्रत पाठवा.

प्रश्न: माझ्याकडे दहा वर्षांचे रानातले फोटो आहेत, हार्ड डिस्कवर. आता कोणाच्या उपयोगाचे आहेत का?

आहेत. दहा वर्षांपूर्वी एखाद्या ओढ्यावर काय होते हे आज कोणीही नव्याने जाऊन टिपू शकत नाही. आधी दुसऱ्या डिस्कवर प्रत करा, आपल्याकडच्या दमट हवेत डिस्क एक दिवस उघडतच नाही. मग फोल्डरला ‘मस्त ट्रेक’ अशी नावे असतील तर जागा आणि तारीख आठवते तोवर लिहून काढा. घरटी आणि बिळे वेगळी काढा, ती जाहीर करायची नाहीत. बाकीचे कुठे द्यायचे हे ठरवायला जवळच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र विभागात यादी घेऊन जा. पण या आठवड्यात जा.