डिझेल पिकअपमध्ये कूलंट कशाला? आपल्याकडे नुसतं पाणी चालत नाही का?

तुम्ही लिहिलंय, की बेळगावहून चोर्ला घाटातून गोव्याला भाजी नेता, रिकामी गाडी उतरताना काही त्रास नाही, भरलेली उतरतानाही नाही, पण परतीचं भाडं घेऊन गोव्याच्या बाजूच्या केरीकडून चढताना तापमानाचा काटा वर जातो. बाटलीतलं कूलंटही हळूहळू कमी होतंय. आणि मिस्त्री म्हणतो, "आपल्याकडे बर्फ कुठं पडतोय? पाणी घाला आणि पळवा." मीही याच रस्त्यावर डिझेल पिकअप चालवतो आणि कूलंटचं काम स्वतः करतो. हा सल्ला कृपा करून ऐकू नका.

बर्फ पडत नाही हे खरंच आहे. पण इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटमध्ये पाणी गोठू न देणाऱ्या इथिलीन ग्लायकॉलबरोबर गंज रोखणारी द्रव्यंही असतात, आणि आपल्या भागात खरी गरज त्यांचीच. ब्लॉक, म्हणजे इंजिनचं मुख्य धड, बिडाचा, रेडिएटर ॲल्युमिनियमचा, बऱ्याच गाड्यांत ब्लॉकवर बसणारं हेडही ॲल्युमिनियमचं. नुसत्या पाण्यात हे धातू एकत्र राहिले की गंज धरतो, त्याचा तांबूस गाळ रेडिएटरच्या बारीक नळ्यांत अडकतो. त्यात बोअरचं पाणी घातलं तर विचारूच नका. पाणी तापवायच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच हेडच्या आतल्या वाटांत बसतो, आणि नेमका जिथे उष्णता सर्वांत जास्त तिथे. मग बाटली काठोकाठ भरलेली असली तरी इंजिन तापतं.

दुसरी गोष्ट उकळण्याची. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच, इथे उघडं पाणी ९७ अंशांच्या आसपासच उकळतं. निम्मं पाणी आणि निम्मं कूलंट, वर ०.९ बार दाब धरणारं चांगलं झाकण, असं असेल तर उकळण्याची मर्यादा १२५ अंशांच्या आसपास जाते. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये रेटताना, समोरून वारा कमी असताना, हीच सवलत हेड वाचवते. म्हणून झाकणाचं रबर चिरलं असेल तर झाकण बदला. स्वस्त वस्तू आहे, पण तिच्याकडे कोणी बघतच नाही.

आता तुमच्या गाडीतलं कूलंट जातंय कुठे, हा खरा प्रश्न. ही बंद व्यवस्था आहे, सारखं कमी व्हायला नको. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बघा: होसच्या क्लिपांजवळ पांढरे-हिरवे डाग, वॉटर पंपाखालच्या छोट्या भोकातून ओघळ, रेडिएटरच्या खालच्या कडेला ओल. बाहेर काहीच नसेल तर आतला संशय घ्या. ऑइलच्या झाकणाखाली किंवा डिपस्टिकवर दुधी चिकटा, गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा धूर, गाडी सुरू केल्याबरोबर बाटलीत सतत बुडबुडे, ही हेड गॅसकेट, म्हणजे ब्लॉक आणि हेडमधलं सील, गेल्याची लक्षणं. तेव्हा टॉपअप करत बसू नका. वेळेत गॅसकेटवर भागतं, उशीर केला की हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, न्यावं लागतं, आणि चीर गेली असेल तर तेही उपयोगाचं नाही.

बदलताना एक गोष्ट बहुतेक जण चुकवतात. जुनं कूलंट सोडून साध्या पाण्याने फ्लश केलं, म्हणजे आतून धुतलं, की बरंच पाणी ब्लॉकमध्ये अडकून राहतं. त्यावर तयार मिश्रण ओतलं तर ते पातळ होतं, निम्म्याचं प्रमाण उरत नाही. म्हणून मी शेवटचा फ्लश डिस्टिल्ड वॉटरने करतो, मॅन्युअलमधली एकूण क्षमता बघून तिच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, आधी घालतो आणि उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरतो. नुसतं कॉन्सन्ट्रेट भरणंही चूकच, कारण ते पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. हीटर असेल तर तो पूर्ण गरमवर ठेवून हळूहळू भरा, थर्मोस्टॅट (कूलंट तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) उघडेपर्यंत इंजिन चालू द्या म्हणजे हवा निघते, आणि थंड झाल्यावर पातळी परत बघा.

रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, निळं हे कंपनीने टाकलेले रंग, आतली जात त्यावरून ठरत नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलेली जात घ्या, मुदतही तीच पाळा, दोन जाती मिसळू नका. आणि "थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी थंड राहील" असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. डिझेल इंजिन थंडच राहिलं तर डिझेल जास्त पितं आणि लवकर झिजतं.

रेडिएटरच्या जाळीत पाचट आणि धूळ भरली नाही ना, हेही बघा. उसाच्या हंगामात निपाणी-चिकोडीकडे फिरणाऱ्या गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं. आतून बाहेर, हलक्या धारेने धुवा. पंख्याचा पट्टा सैल नसावा.

घाटात काटा लाल रेषेकडे गेलाच तर बाजूला घेऊन थांबा. झाकण उघडू नका, तापलेल्या इंजिनवर थंड पाणी अजिबात ओतू नका. आणि काटा एकदम खाली आला म्हणून खूश होऊन निघू नका. कूलंट पूर्ण गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं बोलतो. आधी गाडी गार होऊ द्या, मगच पातळी बघा.

काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा बांधावर ओतू नका. ते विषारी असतं आणि चवीला गोड, त्यामुळे कुत्री आणि गुरं ते पितात. बंद कॅनमध्ये, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि मोठ्या वर्कशॉपमध्ये विचारून द्या. सकाळी तपासलं की काय दिसलं ते इथेच लिहा, विशेषतः ऑइलच्या झाकणाखाली.